व्यवसायाचा रकाना

१२ फेब्रुवारी

मुकादम,
नव्या इमारतीचे बांधकाम, कालव्याजवळील रस्ता

महोदय,

आमच्या कार्यालयात मृत्यूच्या नोंदी एकत्र केल्या जातात. आपल्या बांधकामावरील एका कामगाराने गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला आत्महत्या केली. त्याच्या मृत्यूनोंदीच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात आपल्या सहीने 'मजूर' असे लिहिलेले आहे. पोलिसांनी घेतलेल्या शेजाऱ्यांच्या जबाबात मात्र त्याला 'प्लास्टर मिस्त्री' म्हटले आहे. दोन्हींचे संकेतांक वेगळे असल्याने यांपैकी खरे काय, ते आठ दिवसांत लेखी कळवावे.

संकलन सहायिका,
नोंदणी कार्यालय


२० फेब्रुवारी

बाई,

तुमचं पत्र मिळालं. मजूर लिहिलंय ते विचार करूनच लिहिलंय. गेल्या सप्टेंबरपासून तो भिंतींना पाणी मारायच्या कामावर होता. पाणी मारणारा म्हणजे मजूर. त्याआधी काय करत होता, ते तुमच्या रकान्यात विचारलेलं नाही.

गेलेल्या माणसाला आता हुद्दा देऊन काय होणार? पोलीस दोनदा येऊन गेले, त्यांना सांगायचं ते सांगितलं. इथे तीन मजले अजून उघडे आहेत आणि माणसं कमी आहेत. पत्रं लिहीत बसायला मला सवड नाही.

मुकादम


१ मार्च

महोदय,

उत्तर मिळाले. तरी पुन्हा त्रास देते.

'मजूर' हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा रकाना आहे. ज्याचे काय ते कोणालाच नीट ठाऊक नाही, तो त्यात जातो, आणि एकदा गेला की सापडत नाही. उद्या कोणी विचारले, गिलावा करणाऱ्या माणसांपैकी किती जण असे गेले, तर हा माणूस त्या मोजणीत नसेल. त्याने सव्वीस वर्षे भिंती सारख्या केल्या. शेवटचे चार महिने पाणी मारले म्हणून ती सव्वीस वर्षे पुसायची का?

आणि त्याला पाणी मारायला लावले कोणी? उजवा खांदा दुखतो हे त्याने सांगितले होते का? तो डाव्या हातानेही तितकाच चांगला गिलावा करायचा, हे आपल्या लोकांना ठाऊक होते का? कृपया सविस्तर कळवावे.

संकलन सहायिका


९ मार्च

ताई,

कोणत्या शेजाऱ्याने पोलिसांना डाव्या हाताचं सांगितलं असेल? शेजाऱ्यांना तो कोणत्या हाताने जेवतो तेसुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही त्याची बहीण आहात.

तो डबा खाताना तुमच्याबद्दल बोलायचा. तसा बोलणारा माणूस नव्हता, पण तुमचा विषय निघाला की चार वाक्यं जास्त. म्हणायचा, "माझी ताई सरकारी नोकरीत आहे. माणूस मेला की त्याला नंबर घालते." आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "हसू नका, एक दिवस सगळ्यांची फाइल तिच्याच टेबलावर जाणार आहे."

मी तुम्हाला खोटं लिहिलं नाही, पण अर्धंच लिहिलं. उरलेलं आता लिहितो.

इथे त्याला 'आरसा' म्हणायचे. त्याने हात फिरवलेल्या भिंतीवर ओळंबा लावायची गरज नसायची. ऑगस्टमध्ये छताचं काम करताना त्याचा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. दोन दिवस तो डाव्या हाताने रेटत राहिला, तिसऱ्या दिवशी ओला गिलावा त्याच्याच अंगावर आला. इंजिनिअर म्हणाला, याला काढा. मी म्हटलं, काढू नका, पाणी मारायला ठेवतो. ताई, मला वाटलं मी त्याच्यावर उपकार केले. घरी बसण्यापेक्षा बरं. हजेरीपुस्तकात मीच 'मिस्त्री' खोडून 'मजूर' लिहिलं, कारण दुसरा रकाना नव्हता.

मग तो पाइप घेऊन दुसऱ्यांच्या भिंती भिजवत फिरायचा. कोणीतरी म्हणालं, आरशाला आता काचा धुवायला लावलंय. सगळे हसले. मीही हसलो. तोही हसला, म्हणून कोणाला काही वाटलं नाही.

सोळा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला तो माझ्याकडे आला. त्याची गिलाव्याची थापी फडक्यात गुंडाळून आणली होती. "मुकादम, ही राहू द्या तुमच्याकडे. मला आता काय करायची?" मी म्हटलं, "म्हातारपणी मला मिस्त्री करतोस की काय?" तो म्हणाला, "शिकाल, अवघड नाही." एवढंच. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

थापी या पत्राबरोबर पाठवतो. माझ्याच्याने ती ठेवून घेववत नाही. तो प्लास्टर मिस्त्री होता, असं माझ्या सहीनिशी वेगळ्या कागदावर लिहिलंय. तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते बोला. मी वाचीन.

मुकादम


१८ मार्च

मुकादम,

थापी मिळाली. पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा तुमचा राग आला, तिसऱ्यांदा आला नाही. का नाही ते सांगते.

धाकट्याचा अर्ज नेहमीच्या गठ्ठ्यातून माझ्या टेबलावर आला. मी त्याला हात लावायला नको होता, नियम तसा आहे. तरी मी पाच आठवडे तो खणात ठेवला आणि तुम्हाला पत्रं लिहिली. आता तुमचा कागद जोडून शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे दिला. त्यांनी 'गिलावा कारागीर' असा संकेतांक घातला आणि मला पाणी आणून दिलं. तेवढं झालं.

आता माझं ऐका. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

लग्न त्याचं राहूनच गेलं होतं. एका रविवारआड तो माझ्याकडे जेवायला यायचा. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आला, तेव्हा मी मटार सोलत होते. फळीवरचा डबा काढायला त्याने डावा हात वर केला. मी विचारलं, "खांदा कसा आहे?" म्हणाला, "आहे." मग थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, तुझ्या त्या तक्त्यात आमचे लोक कुठे असतात गं?" मी म्हटलं, "कोणत्या तक्त्यात?" तर म्हणाला, "स्वतःहून जातात त्यांच्या."

मी मान वर केली नाही. कामाचं विचारल्यासारखं उत्तर दिलं. म्हटलं, "बांधकामवाले वरच असतात दरवर्षी. त्यातही गिलावा, रंग, फरशी, ही शेवटचा हात फिरवणारी माणसं जास्त." तो म्हणाला, "चला, कुठेतरी आपला वर नंबर लागला." मी हसले, मुकादम. तुमच्यासारखीच. जाताना त्याने सोललेल्या मटारांतले चार तोंडात टाकले आणि म्हणाला, "गोड आहेत."

मला तो आकडा विचारतोय असं वाटलं. तो आकडा विचारत नव्हता.

एकतीस वर्षं मी हे तक्ते मांडतेय. कोणत्या धंद्यातली माणसं जास्त जातात हे मला पाठ आहे. का जातात तेही थोडंफार कळतं. शरीर हेच भांडवल, ते पन्नाशीच्या आत झिजतं. काम संपलं की सोबतीची माणसंही पांगतात. दुखलं तर सांगायचं नाही, ही शिस्त. आणि सगळ्यात नाजूक काळ कोणता, तर माणसाच्या हातातलं काम काढून घेतल्यानंतरचे काही महिने. हे कागदावर होतं, माझ्या अक्षरात होतं. आणि तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

आणखी एक मला माहीत होतं. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं आपण घालू, अशी लोकांना भीती वाटते. ज्यांनी याचा अभ्यास केलाय ते सांगतात, तसं होत नाही. उलट विचारलं तर बोलतात. त्यांचं पुस्तकच माझ्या टेबलावर असतं. त्यावर मी चहाचा कप ठेवते.

सोबत एक पान लिहून पाठवतेय. कोणत्या माणसाकडे लक्ष ठेवायचं, काय विचारायचं, कुठे न्यायचं. तुमच्या हाताखाली साठ माणसं आहेत. माझ्या हाताखाली फक्त कागद आहेत.

त्याची ताई


२ मे

ताई,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं, मग एकदम झालं.

तुमचं पान मी ऑफिसच्या दारावर लावलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी खाली लिहून ठेवलं, "मुकादमाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे." मी ते पुसलं नाही. बांधकामावर मनाचं विचारणं म्हणजे बैलाला स्वप्नं विचारण्यासारखं, असं आपलं माझंही मत होतं.

इथे एक फरशीवाला आहे. त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणतात, कारण तेवढाही फरक त्याला खपत नाही. दुसऱ्याने बसवलेली फरशी उखडून परत बसवेल, भांडेल, पण सांधा सरळ करून सोडेल. वीस वर्षं गुडघ्यांवर बसून काम केलंय. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आता जमिनीवर बसायचं नाही. तो माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आला. माझ्या तोंडात आलंच होतं की गेटवर बस, राखण कर. आरसा आठवला आणि तोंड मिटलं. म्हटलं, बघू.

गेल्या मंगळवारी मी चौथ्या मजल्यावर गेलो. न्हाणीघरात एका सांध्यात बोटभर फट होती आणि मिलिमीटर तिच्यावरून पाय टाकून निघून गेला. बघितलीसुद्धा नाही.

त्याला बोलावलं, सिमेंटच्या गोण्यांवर बसवलं. इकडचं तिकडचं काहीतरी विचारलं, गुडघ्याचं विचारलं. मग डोळे मिटून पाण्यात उडी मारावी तसं विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचं तुझ्या डोक्यात येतं का?"

तो कितीतरी वेळ अंगठ्याने गोणीवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी विचारतोय."

"रोज येतं. सकाळी बूट घालताना."

पुढे काय बोलायचं ते तुमच्या पानावर होतं, पण मला आठवेना. म्हटलं, "बरं झालं सांगितलंस." आणि त्याच्याजवळ बसून राहिलो. थोड्या वेळाने तो रडला. त्याच्या बायकोला फोन केला, ती आली. तिला सगळं सांगितलं. तोवर त्याला मी एकटं सोडलं नाही. तिघं मिळून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं, औषध दिलं, आठवड्याने परत बोलावलं. घरात काय ठेवायचं नाही, काय कुलपात ठेवायचं, तेही त्याच्या बायकोला समजावलं.

इंजिनिअरशी भांडलो. मिलिमीटर हजेरीपुस्तकात फरशी मिस्त्रीच आहे. आता उभा राहून दोघा नव्या माणसांना लेव्हल दाखवतो. काल त्यांना शिव्या घालत होता, म्हणजे बरा आहे.

सगळे म्हणतात, मुकादमाने मोठं काम केलं. ताई, मला त्या दिवसापासून जास्त त्रास होतोय. फक्त पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांचं काम होतं ते.

मुकादम


२० जून

मुकादम,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि शेजारच्या बाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आपल्या रकान्यात न आलेला माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय. खरं आहे ते. जो वाचला त्याची नोंद कुठेच होत नाही.

मी धंद्यांप्रमाणे एक टिपण तयार केलं. बांधकामवाले, जनावरांचे डॉक्टर, नर्स, शेतावरचे लोक, कोणाकडे धोका कशामुळे येतो आणि तिथे काय करता येईल. कुठे औषधांच्या कपाटाला दोघांच्या किल्ल्या हव्यात, कुठे दुखापतीनंतर काम बदलताना माणसाशी आधी बोलायला हवं. एकच औषध सगळ्यांना लागू नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. साहेबांनी वाचलं. "विषय नाजूक आहे," म्हणाले. मी म्हटलं, "माणूसही नाजूकच असतो, साहेब." टिपण वर पाठवतो म्हणाले. पाठवलं की नाही ते सप्टेंबरात निवृत्त व्हायच्या आत बघेन.

पाच मिनिटांचं म्हणालात. मीही मोजते. माझी तेवढीही नव्हती, नुसती मान वर करायची होती. पण आकडा ऐकून किंवा काम बदलून माणूस जात नाही, हेही मी दुसऱ्या कोणाला सांगितलंच असतं. एका कारणाने कोणी जात नाही. हे तुम्हाला सांगतेय म्हणजे स्वतःलाही सांगतेय.

तुम्ही तीन पत्रं लिहिलीत. स्वतः कसे आहात, कुठे राहता, जेवायला कोण असतं, हे एकाही पत्रात नाही. लिहा.

ताई


५ ऑगस्ट

ताई,

मी बरा आहे. घरी कोणी नाही, बायको जाऊन तीन वर्षं झाली. साइटवरच्याच खोलीत राहतो.

इमारत पूर्ण झाली. महिनाअखेर माणसं पांगतील. पुढच्या साइटवर तरुण मुकादम घेतलाय, तो फोनवरच सगळा हिशेब ठेवतो. ठीक आहे. माझं काय, साठी आली. रेडिओ रखवालदाराला दिला, सायकल मिलिमीटरला. सामान असं फारसं नव्हतंच. मिलिमीटरला तुमचा पत्ता देऊन ठेवलाय, त्याला कधी गरज लागली तर तुम्ही बघाल याची खात्री आहे.

तुमचं पान कामाला आलं. तुमच्यामुळे एक तरी काम नीट झालं. आता इथल्या पत्त्यावर लिहू नका. तब्येतीला जपा.

मुकादम


९ ऑगस्ट

मुकादम,

हे पत्र टपालात टाकत नाही. सकाळच्या बसने घेऊन येतेय. साइटच्या फोनवर तीन वेळा प्रयत्न केला, तो बंद झालाय. तोंडाने विचारता आलं तर विचारीन. नाही जमलं तर हे हातात देईन, कारण मला आयुष्यभर कागदावरच बोलता आलं.

रेडिओ दिलात, सायकल दिलीत, तुमच्यामागे मिलिमीटरचं कोण बघेल याची सोय लावलीत. काम संपलं, खोली सुटणार, माणसं पांगणार. हे दुसऱ्या कोणाचं पत्र असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? मी वाचलं आणि भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. या वेळी मान वर केली.

सरळ विचारते. जीव द्यायचं तुमच्या डोक्यात आहे का?

चुकत असेन तर माझ्यावर हसा. मी बसचं तिकीट फुकट गेलं म्हणून जरासुद्धा कुरकुर करणार नाही. पण हो असेल तर हो म्हणा. मी घाबरणार नाही, तुम्हाला सोडून उठणार नाही, आणि परतीची बस चुकली तरी मला कुठे जायची घाई नाही.

ताई


२८ नोव्हेंबर

ताई,

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या दिवशीचं एकदा लिहून काढा. कोणाला लिहू? तुम्हालाच लिहितो, तुम्हाला सगळं माहीत असलं तरी.

मी ऑफिसबाहेर रिकाम्या पिंपावर बसलो होतो. छत्री, पिशवी घेऊन एक बाई गेटातून आली आणि दुसऱ्या पिंपावर येऊन बसली. ओळख सांगितली नाही. चेहऱ्यावरून कळलं, त्याचीच हनुवटी. तुम्ही पाकीट दिलंत. मी वाचत होतो आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. माणसाने कोणाकडे इतकं बघू नये असं बघत होतात. मी शेवटपर्यंत पोचलो आणि परत वरून वाचायला लागलो, वेळ काढायला. मग हो म्हटलं. मला वाटलं होतं तो शब्द बोललो की आभाळ कोसळेल. तुम्ही फक्त पिंप जरा जवळ ओढलंत.

आता माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. तिला वर्षानुवर्षं पत्र नव्हतं, तरी तिने पहिल्या दिवशी भांडण काढलं आणि दुसऱ्या दिवशी खोली रिकामी केली. औषध चालू आहे. डॉक्टरीणबाई माझी मुलगी शोभतील एवढ्या वयाच्या आहेत, आधी जेवलात का विचारतात, मग बाकीचं. काही दिवस चांगले जातात, काही जात नाहीत. वाईट दिवशी बहिणीला सांगतो, "आज वाईट आहे." ती म्हणते, "बरं." आणि जवळपास राहते. आठवड्यातून तीन दिवस एका ठेकेदाराच्या गोदामात अवजारं देण्याघेण्याचं काम करतो. तिथे येणाऱ्यांना विचारतो. काही जण टाळतात. परवा एकाने टाळलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी पलीकडच्या साइटवरचा एक रंगारी गेला. माझी ओळख नव्हती. त्याच्या मुकादमाला भेटायला गेलो. तो म्हणाला, "हसताखेळता होता हो." मी त्याच्याजवळ बसलो. आरशाचं मला अजून सुटत नाही. सुटेल असं डॉक्टरीणबाईही म्हणत नाहीत. त्या म्हणतात, घेऊन चालायला शिकाल.

गेल्या रविवारी आपल्या त्या इमारतीकडे गेलो. लोक राहायला आलेत, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. तिसऱ्या मजल्यावर जाऊन एका दाराची बेल वाजवली. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. म्हटलं, मी इथे मुकादम होतो, बैठकीची खोली एकदा बघू द्याल का? त्यांनी आत घेतलं. मी वर बघत उभा राहिलो. खांदा धरायच्या आधी त्याने पूर्ण केलेलं ते शेवटचं छत. एक रेघ नाही, एक फुगवटा नाही.

बाई म्हणाल्या, "काय बघताय?"

"छत."

त्यांनीही वर बघितलं. "त्यात काय बघायचं? काहीच तर दिसत नाही."

मी म्हटलं, "हो ना, तसाच होता तो." त्यांनी खुर्ची दिली, चहा केला. कोणी केलं होतं, काय झालं, सगळं सांगितलं त्यांना. निघताना मी तुमच्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याच्या बहिणीला घेऊन या, दुपारी चारनंतर मी घरीच असते.

तुमच्या सोयीचा दिवस कळवा. मी बसथांब्यावर येतो.

मुकादम